आर, टेरा आणि हस्ताचा पाऊस: सोलापूरच्या अकरा तालुक्यांचे आकडे जुळत नाहीत

सीनाकाठ | सोमवार, रात्री ९.१२

सोलापूर जिल्ह्यातल्या अकराही तालुक्यांचा हस्त नक्षत्रातला पाऊस हवा आहे, १९८१ ते २०२३ अशी ४३ वर्षं. रब्बी ज्वारीच्या पेरणीशी ताडून बघायचा असल्यामुळे महिन्याची बेरीज उपयोगाची नाही. हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास लागतो आणि १० ऑक्टोबरपर्यंत चालतो, म्हणजे दोन महिन्यांत विभागला जातो.

हाताशी आर ही संगणकभाषा, तिचं नकाशांसाठीचं टेरा पॅकेज, चर्प्सच्या (उपग्रह आणि केंद्रांच्या नोंदींवरून काढलेल्या पावसाच्या आकड्यांचा संच) रोजच्या टिफ फाइली आणि तालुक्यांच्या सीमांची शेपफाइल आहे. अडचणी अशा:

१. एक्स्ट्रॅक्ट केलं (तालुक्यानुसार आकडे काढले) की अकराही तालुक्यांना एनएएन, म्हणजे आकडाच नाही. शेपफाइलसोबत पीआरजे फाइल नव्हती, म्हणून सीआरएस (नकाशाचे आकडे कोणत्या मोजणीत आहेत ते सांगणारी ओळख) ४३२६, म्हणजे अक्षांश-रेखांश, लावला. तरी तेच.
२. व्हॅल्यूजने सगळे आकडे मेमरीत घ्यायला गेलं की १६ जीबी रॅमचा लॅपटॉप गोठतो.
३. हवामान खात्याच्या पाव अंशाच्या ग्रिडवर (चौकोनांच्या जाळ्यावर) हेच गणित केलं तर उत्तर सोलापूरचा आकडा चर्प्सपेक्षा फारच वेगळा येतो. कोणता धरायचा?

---

कडक_भाकरी | सोमवार, रात्री ९.४०

पहिल्याचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. सीआरएस "लावला" म्हणजे फक्त पाटी बदलली, गाव हललं नाही. एक्स्ट(तालुके) छापून बघा. आकडे ७४.७ ते ७६.३ आणि १७.१ ते १८.६ असे दिसले तर ते अंश आहेत आणि ४३२६ बरोबर आहे. पण साधारण ४,६८,००० ते ६,३३,००० आणि १८,९८,००० ते २०,४९,००० असे दिसले, तर ते मीटर आहेत आणि फाइल यूटीएम ४३ उत्तर या पट्ट्यात आहे, ईपीएसजी ३२६४३. हा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांचा, त्यामुळे आपला अख्खा जिल्हा त्यात मावतो. मीटरला अंशाची पाटी लावली की तालुके पृथ्वीच्याच बाहेर जातात. मग एनएएन नाही तर काय येणार?

दोन ओळींचं काम आहे. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय, टंकताना रोमनमध्ये करून घ्या.

    सीआरएस(तालुके) <- "ईपीएसजी:३२६४३"
    तालुके <- प्रोजेक्ट(तालुके, "ईपीएसजी:४३२६")

पहिली ओळ खरी ओळख सांगते, दुसरी जागा बदलते. टेराऐवजी एसएफ पॅकेज वापरत असाल तर तिथे हीच जोडी एसटी_सेट_सीआरएस आणि एसटी_ट्रान्सफॉर्म अशी आहे. नावंच निराळी असल्यामुळे घोटाळा कमी होतो.

आणि रास्टर (पावसाच्या चौकोनांचा नकाशा) प्रोजेक्ट करू नका. बहुभुज हलवले तर नुसते कोपरे हलतात. रास्टर हलवला तर प्रत्येक चौकोनाची किंमत शेजाऱ्यांतून नव्याने काढली जाते, म्हणजे मोजणीच्या आधीच आकडे पातळ होतात.

---

पंढरीचा_प्लॉट | सोमवार, रात्री ९.५८

पुढच्या वेळी शेपफाइल मागताना एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे अशा चारही फाइली मागा. नाहीतर सरळ जिओपॅकेज मागा. एकच फाइल असते, आणि रकान्यांच्या नावांना डीबीएफची दहा अक्षरांची मर्यादा नसते.

---

हुरडेकरी_अण्णा | सोमवार, रात्री १०.२५

दुसऱ्या अडचणीकडे येऊ. आधी हिशोब करा की ओ. चर्प्स ०.०५ अंशाचा आहे, ५० दक्षिण ते ५० उत्तर: ७,२०० रकाने गुणिले २,००० ओळी, एका थरात १ कोटी ४४ लाख चौकोन. हस्ताचे १४ दिवस गुणिले ४३ वर्षं म्हणजे ६०२ थर. आर प्रत्येक आकड्याला ८ बाइट घेतो. व्हॅल्यूज मागितलंत की ६९ जीबी मागितलेत. लॅपटॉपचा काही दोष नाही.

रास्ट लिहिल्यावर टेरा फाइल वाचत नाही, फक्त तिचा पत्ता नोंदवून ठेवतो. त्याचा फायदा घ्या आणि आधी कापा:

    पेटी <- एक्स्ट(७४.५, ७६.५, १७.०, १८.७)
    पाऊस <- क्रॉप(रास्ट(फाइली), पेटी, स्नॅप = "आउट")

आता एका थरात ४० गुणिले ३४, म्हणजे १,३६० चौकोन राहिले. ६०२ थर मिळून साडेसहा एमबी. स्नॅप आउट ठेवलं की पेटीच्या कडेला अर्धवट आलेला चौकोनही पूर्ण मिळतो.

फाइली जीझेड असतील तर आधी उघडून ठेवा. टेरा जीझेडमधूनही वाचू शकतो, पण जेवढा तुकडा हवा तेवढाच उचलता येत नाही. प्रत्येक वेळी अख्खी फाइल उलगडावी लागते आणि कापण्याचा निम्मा फायदा तिथेच जातो.

पण मुळात रोजच्या फाइली घेताय कशाला? चर्प्सचं पंचक उपलब्ध आहे: महिन्याला सहा, १ ते ५, ६ ते १०, आणि शेवटचं २६ पासून महिनाअखेरपर्यंत. सप्टेंबरचं सहावं आणि ऑक्टोबरची पहिली दोन घेतली की २६ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर असे पंधरा दिवस होतात. हस्तापेक्षा एक दिवस जास्त. ६०२ ऐवजी १२९ फाइली. शिवाय चर्प्सचा रोजचा आकडा पंचकाची बेरीज दिवसांवर वाटूनच काढलेला असतो, त्यामुळे तो एक दिवस वगळण्यासाठी रोजच्या फाइलींमागे लागण्यात फारशी अचूकता पदरात पडत नाही.

---

सीनाकाठ | मंगळवार, सकाळी ७.३०

पहिलं सुटलं. आकडे मीटरमध्येच होते. पंचकाच्या १२९ फाइली घेऊन कापल्या, काही सेकंदांत झालं. आता वर्षवार बेरीज टॅपने (थर गटांत बांधणाऱ्या फंक्शनने) "मंथ्स" देऊन केली तर ४३ ऐवजी दोनच थर आले.

---

पंढरीचा_प्लॉट | मंगळवार, सकाळी ८.०५

"मंथ्स" म्हणजे कॅलेंडरचा महिना, वर्ष कुठलंही असो. ४३ वर्षांचे सप्टेंबर एका गाठोड्यात, ऑक्टोबर दुसऱ्यात. प्रत्येक वर्षाचा प्रत्येक महिना वेगळा हवा असेल तर "इयरमंथ्स", वर्षाची एक बेरीज हवी असेल तर "इयर्स". तुम्हाला शेवटचं.

    टाइम(पाऊस) <- तारखा
    हस्त <- टॅप(पाऊस, "इयर्स", सम)

तारखा फाइलीच्या नावातून काढा. सीक्वेन्स लावून भरू नका. फाइलींची यादी अक्षरक्रमाने येते, त्यामुळे कुणी नावं बदलताना महिना ९ आणि १० असा शून्याशिवाय लिहिला असेल तर १० आधी आणि ९ नंतर लागतो. सगळ्या तारखा सरकतात आणि आर अवाक्षर काढत नाही.

बेरजेआधी वर्षं काढून टेबल करा, प्रत्येक वर्षासमोर ३ दिसायला हवेत. एखादं पंचक उतरवायचं राहिलं असेल तर त्या वर्षी दोनच थरांची बेरीज होते, एनए (रिकामी नोंद) येत नाही, आणि कागदावर दुष्काळ पडतो. सांगोल्या-मंगळवेढ्याच्या बाबतीत तर असा आकडा कुणाला खटकणारही नाही.

---

माळरान | मंगळवार, सकाळी ९.१५

वाचनखूण साठवली.

एक शंका. चर्प्समध्ये माहिती नसेल तिथे उणे ९९९९ असतं ना? ते एनए करायला नको का?

---

कडक_भाकरी | मंगळवार, सकाळी ९.५०

करून ठेवा, पाऊस शून्याच्या खाली असेल तिथे एनए. पण चर्प्समध्ये ती खूण समुद्रावर असते. सोलापूरच्या पेटीत समुद्र नाही, आणि उजनीच्या पाण्यावरही पाऊस मोजलेला असतोच. म्हणून आपल्या तालुक्याला उणे सरासरी आली तर एनएच्या मागे न लागता आधी नकाशा काढून बघा, तालुका अरबी समुद्रात तर गेला नाही ना. हाच कोड कोकणावर चालवाल तेव्हा मात्र उणे ९९९९ खरंच सरासरीत घुसेल.

---

उजनी_बॅकवॉटर | मंगळवार, दुपारी १.२०

तिसरा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे.

०.२५ अंशाचा चौकोन आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम साडेसव्वीस किमी आणि उत्तर-दक्षिण पावणेअठ्ठावीस किमी, म्हणजे सुमारे ७३० चौ. किमी. जिल्हा जवळपास १५ हजार चौ. किमी. अख्ख्या जिल्ह्याला जेमतेम वीस चौकोन. चर्प्सचा चौकोन साधारण २९ चौ. किमीचा, त्यामुळे सरासरी तालुक्याला पंचेचाळीसएक चौकोन मिळतात.

टेराचं एक्स्ट्रॅक्ट बहुभुजांसाठी साधा नियम लावतं: चौकोनाचा मध्य आत असेल तर चौकोन अख्खा आत, नसेल तर अख्खा बाहेर. पंचेचाळीस चौकोनांत कडेची चूक इकडची तिकडे जिरते. उत्तर सोलापूरसारख्या लहान तालुक्यात पाव अंशाचा एखादाच मध्य सापडतो आणि तोच तालुक्याचा पाऊस ठरतो. सोलापूर शहर १७.६६ उत्तर, ७५.९१ पूर्व. त्याला सगळ्यात जवळचा मध्य १७.७५, ७६.००. तो चौकोन उत्तरेकडे १७.८७५ पर्यंत जातो, म्हणजे त्यात धाराशिव जिल्ह्याचीही कड येते. तुम्ही उत्तर सोलापूर म्हणून जे वाचताय त्यात शेजाऱ्याचा पाऊस आहे.

उपाय म्हणजे चौकोनाचा जेवढा भाग आत, तेवढंच वजन. दोन वाटा आहेत:

    एक्स्ट्रॅक्ट(हस्त, तालुके, फन = मीन, एक्झॅक्ट = ट्रू, एनए.आरएम = ट्रू)
    एक्झॅक्ट_एक्स्ट्रॅक्ट(हस्त, एसटी_अ‍ॅज_एसएफ(तालुके), "मीन")

दुसरी एक्झॅक्टएक्स्ट्रॅक्टआर पॅकेजची. तिला एसएफचे बहुभुज लागतात, टेराचे थेट चालत नाहीत. मला तीच बरी वाटते, थर पुष्कळ असले की वेगात फरक कळतो.

एक्स्ट्रॅक्ट चालवताना "अशा वर्गासाठी पद्धत नाही" अशा अर्थाची चूक आली तर टेरानंतर टायडीआर लोड केलंय. त्यातही एक्स्ट्रॅक्ट नावाचं फंक्शन आहे आणि शेवटी आलेल्याचं चालतं. टेरा::एक्स्ट्रॅक्ट असं पूर्ण नाव लिहा.

---

हुरडेकरी_अण्णा | मंगळवार, दुपारी २.०२

मास्कबद्दल (सीमेबाहेरचे चौकोन पुसणाऱ्या फंक्शनबद्दल) एक. कित्येक जण आधी मास्क करतात आणि मग एक्झॅक्ट_एक्स्ट्रॅक्ट. टचेस = फॉल्स दिलेलं असेल तर मास्क मध्याच्याच नियमाने कडेचे चौकोन एनए करून टाकतो, मग वजन द्यायला कडेला उरतंच काय? मास्क नकाशा छापण्यापुरता ठेवा.

---

माळरान | मंगळवार, दुपारी ३.३०

अंशातले चौकोन उत्तरेकडे लहान होत जातात. मग सरासरीत क्षेत्रफळाचं वजनही द्यायला हवं ना? आणि सरासरीऐवजी सम केलं तर?

---

उजनी_बॅकवॉटर | मंगळवार, दुपारी ४.१०

जिल्ह्याच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत चौकोनाच्या क्षेत्रफळात पाऊण टक्क्याचा फरक पडतो. तालुक्याच्या आत तर त्याहून कमी. काश्मीर ते कन्याकुमारी करत असाल तेव्हा बघा.

सम मात्र अजिबात नको. मिलिमीटर ही खोली आहे, चौकोनांवर खोली बेरजेला लावली तर ज्या तालुक्यात चौकोन जास्त तिथे पाऊस जास्त. वेळेवर बेरीज, जागेवर सरासरी. पाण्याचं आकारमानच हवं असेल तर सरासरी गुणिले क्षेत्रफळ: १ मिमी पाऊस १ चौ. किमीवर पडला की १,००० घनमीटर. १,३५० चौ. किमीच्या तालुक्यावर १०० मिमी म्हणजे १३.५ कोटी घनमीटर, आपल्या भाषेत पावणेपाच टीएमसी. हे नुसतं पडलेलं पाणी. मुरलेलं, उडालेलं आणि वाहिलेलं यात वेगळं केलेलं नाही, तेव्हा हा आकडा घेऊन धरणाच्या गप्पा मारू नका.

---

सीनाकाठ | मंगळवार, रात्री ८.४५

हवामान खात्याच्या जीआरडी फाइली वाचताना नकाशा आडवा पडतोय. बायनरी आहे. रीडबिनने वाचली.

---

कडक_भाकरी | मंगळवार, रात्री ९.३०

ही फाइल नीट समजून घ्या, इथे चार खड्डे आहेत.

ग्रिड १३५ रेखांश गुणिले १२९ अक्षांश. ६६.५ ते १०० पूर्व, ६.५ ते ३८.५ उत्तर. प्रत्येक आकडा ४ बाइट. रीडबिन न्यूमेरिकला मुळात ८ बाइट धरतं, म्हणून साइझ ४ आणि एंडियन "लिटल" सांगावंच लागतं. नाही सांगितलं तर १० चा चाळिसावा घात वगैरे पाऊस पडतो. वाचण्याआधी फाइलीचा आकार बघा: साध्या वर्षी २,५४,२५,९०० बाइट, लीप वर्षी २,५४,९५,५६०. एवढाच नसेल तर डाउनलोड अर्धवट आहे.

आकडे नैऋत्य कोपऱ्यातून सुरू होतात, आधी पूर्वेकडे सरकतात, मग एक ओळ उत्तरेला. रास्टर वायव्येतून सुरू होतो. म्हणून आधी ओळी-रकाने अदलाबदल, मग ओळी उलट्या:

    क <- रीडबिन(फाइल, "न्यूमेरिक", एन = १३५*१२९*दिवस, साइझ = ४, एंडियन = "लिटल")
    क <- अ‍ॅरे(क, सी(१३५, १२९, दिवस))
    क <- एपर्म(क, सी(२, १, ३))[१२९:१, , ]
    क[क < ०] <- एनए
    र <- रास्ट(क, एक्स्टेंट = एक्स्ट(६६.३७५, १००.१२५, ६.३७५, ३८.६२५), सीआरएस = "ईपीएसजी:४३२६")

तुमच्याकडे एपर्म (ओळी-रकान्यांची अदलाबदल) राहिलंय, म्हणून आडवा.

शेवटच्या ओळीतले आकडे बघा. ६६.५ आणि १०० हे चौकोनांचे मध्य आहेत, कडा नव्हेत. एक्स्टला कडा लागतात, म्हणून चारही बाजूंना ०.१२५ अंश जास्त. थेट ६६.५, १००, ६.५, ३८.५ घातलं तर नकाशा दिसायला तसाच दिसतो, चौकोन मात्र किंचित आक्रसतात आणि भारताच्या कडांकडे तेरा-चौदा किमीपर्यंत सरकतात. रेस (चौकोनाचा आकार) काढा, दोन्ही दिशांना ०.२५ आलं पाहिजे. ०.२४८ आलं की समजा कडा चुकल्या.

खात्रीसाठी जुलैच्या एका दिवसाचा नकाशा काढा. पश्चिम घाटाची ओली पट्टी डावीकडे उभी दिसली आणि तिच्या पूर्वेला आपला कोरडा पट्टा आला की दिशा बरोबर.

चौथा खड्डा तारखेचा. खात्याचा दिवस सकाळी ८.३० ला संपतो. २७ सप्टेंबरसमोर लिहिलेला पाऊस हा २६ च्या सकाळी ८.३० पासून २७ च्या सकाळी ८.३० पर्यंतचा. आपल्याकडे परतीचा पाऊस बहुतेक दुपारनंतर, गडगडाटासह येतो, म्हणजे तो दुसऱ्या दिवसाच्या तारखेवर चढतो. हस्त २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर धरायचा तर खात्याच्या २८ सप्टेंबर ते ११ ऑक्टोबर या तारखा घ्या, थर २७१ ते २८४.

---

मंगळवेढा_मालदांडी | बुधवार, सकाळी १०.१५

कोणता धरायचा हा प्रश्न राहिलाच.

दोन्ही वेगळ्या जातीचे आहेत. खात्याचं ग्रिड पर्जन्यमापकांवर उभं आहे, एकूण ६,९५५ केंद्रांच्या नोंदींतून अंतरानुसार वजन देऊन चौकोन भरलेत, आणि प्रत्येक वर्षी सगळी केंद्रं चालू नव्हती. चर्प्समध्ये उपग्रहाला दिसलेल्या थंड ढगमाथ्यांवरून अंदाज काढून त्याला केंद्रांच्या नोंदींची जोड दिली आहे. ४३ वर्षांत कोणता हस्त ओला, कोणता कोरडा एवढंच हवं असेल तर दोन्हींचा क्रम लावून ताडा. क्रम जुळला तर मिलिमीटरच्या फरकावर रात्र जागवू नका. तालुक्या-तालुक्यांची तुलना हवी असेल तर चर्प्स, कारण वीस चौकोनांत अकरा तालुके निराळे दिसणारच नाहीत. रिसँपल करून पाव अंशाचे बारीक चौकोन पाडता येतात, पण एका भाकरीचे चार तुकडे केले म्हणून पीठ वाढत नाही.

एका कामाला दोन्ही चालणार नाहीत: अतिवृष्टी. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी हा निकष आहे. शे-दीडशे चौ. किमीच्या मंडळात एका शिवारात ढग फुटतो आणि शेजारचं शिवार कोरडं राहतं. ग्रिडचा आकडा ही सरासरी आहे, त्यात ८० चे ३० होतात. तिथे मंडळाच्या केंद्राचीच नोंद लागते.

---

पंढरीचा_प्लॉट | बुधवार, सकाळी ११.००

आकडे तालुक्यांच्या इतर तक्त्यांना जोडताना नावावर जोडू नका. माळशिरस, मोहोळ, माढा यांची रोमन स्पेलिंगं प्रत्येक फाइलीत वेगळी सापडतात, आणि उत्तर-दक्षिण सोलापूर कुठे आधी, कुठे नंतर. जनगणनेच्या कोडवर जोडा, तोही अक्षर म्हणून वाचा. संख्या म्हणून वाचला तर पुढचं शून्य गळतं. देवनागरी नावांची जागा प्रश्नचिन्हांनी घेतली असेल तर एसटी_रीडला ऑप्शन्समध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या.

---

सीनाकाठ | बुधवार, रात्री ९.२०

एक्झॅक्टने केल्यावर उत्तर सोलापूरचे दोन्ही आकडे बरेच जवळ आले. कालचं सेशन आज उघडलं तर हस्त नावाचा रास्टर "पॉइंटर वैध नाही" म्हणतो. पुन्हा सगळं चालवायचं का?

---

हुरडेकरी_अण्णा | बुधवार, रात्री ९.४५

हो, यावेळी चालवा. टेराचा रास्टर आरच्या मेमरीत नसतो, तिथे फक्त त्याच्याकडे बोट दाखवणारा पॉइंटर असतो. सेशनच्या आरडेटा फाइलीत ते बोट साठवलं जातं, पलीकडची वस्तू नाही. टॅप झाल्यावर राइटरास्टरने टिफ लिहून ठेवा. समांतर प्रोसेसरांवर काम पाठवतानाही हीच अडचण येते, तिथे रॅप करून पाठवायचं आणि पलीकडे अनरॅप.

इंटरनेटवरचे जुने कोड उचलताना आरजीडॅल, आरजीईओएस किंवा मॅपटूल्स दिसलं तर पुढे जा. ती तिन्ही पॅकेजं ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. रीडओजीआरच्या जागी व्हेक्ट, स्टॅक आणि ब्रिकच्या जागी रास्ट.

---

मंगळवेढा_मालदांडी | गुरुवार, सकाळी ७.५०

कडक_भाकरी, तुमच्या थर २७१ ते २८४ मध्ये एक दुरुस्ती. २८ सप्टेंबर हा साध्या वर्षाचा २७१ वा दिवस, लीप वर्षाचा २७२ वा. १९८४ ते २०२० मध्ये अशी १० वर्षं आहेत. तिथे २७१ घेतलं तर २७ सप्टेंबरची नोंद आत येते आणि ११ ऑक्टोबरची बाहेर राहते.

---

कडक_भाकरी | गुरुवार, सकाळी ८.३०

बरोबर, माझी चूक. सीनाकाठ, क्रमांकाऐवजी हे घ्या:

    दि <- सीक्व(अ‍ॅज.डेट(पेस्ट०(वर्ष, "-०१-०१")), बाय = "डे", लेंथ.आउट = एनलायर(र))
    टाइम(र) <- दि
    र <- र[[फॉरमॅट(दि, "%एम%डी") >= "०९२८" & फॉरमॅट(दि, "%एम%डी") <= "१०११"]]

एम आणि डी दोन्ही लहान लिपीतले. मोठा एम म्हणजे मिनिटं.